सुई कोण सरकवतं?

२ फेब्रुवारी, सकाळी ९.१०

नवी वही सुरू. जुनी परवा टेबलावर दोन मिनिटं उघडी राहिली होती. कुणीतरी वाचली असणार. ही खिशात मावते, आणि खिशाला बटण आहे.

परिस्थिती अशी. २७ तारखेला तीन जणांची समिती येणार. खोली क्रमांक चार आणि तिच्यातलं, हादरे बसू नयेत म्हणून हवेवर तरंगणारं टेबल गेली चौदा वर्षं माझ्या ताब्यात आहे. समितीला दहा हजारांचा क्यू फॅक्टर दाखवला तर खोली माझीच राहील. नाही दाखवला तर मधली भिंत पाडून ती खोली क्रमांक पाचला जोडणार. पाचमध्ये लेझरपंत असतात. हे नाव मी ठेवलं आहे, त्यांना माहीत नाही. बहुधा. त्यांच्याकडे लेझर इतके झालेत की एक कपाटावर चढवून ठेवला आहे. भिंतीकडे बघताना ते डोळ्यांनी मोजमाप घेतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

कामाची नोंद, म्हणजे म्हातारपणी वाचताना कळेल: काचेच्या तुकड्यावर सिलिकॉनच्या इवल्याशा विटा, दोन-दोनच्या जोडीनं. एका चौरस मिलिमीटरवर पंधरा लाख जोड्या. याला मेटासरफेस म्हणतात. त्यावर प्रकाश सोडला की एका ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश विटांत अडकतो आणि घुमत राहतो. घंटा वाजवल्यावर नाद रेंगाळतो, तसं. जितका जास्त रेंगाळेल तितका क्यू मोठा, आणि ग्राफवर उठणारी सुई तितकी बारीक.

आजचा क्यू: चार हजार शंभर.

संकल्प: (१) रोज साडेआठला हजर. आज नऊ दहा झाले, पण आज वही घ्यायची होती. (२) विनाकारण कुणावर संशय घ्यायचा नाही. कारण आधी शोधायचं.

४ फेब्रुवारी

कारण सापडलं.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली सॅम्पल पाहिलं. जोडीतली डावी वीट उजवीपेक्षा तीस नॅनोमीटरनं आखूड. शेजारची जोडी पाहिली, तिथेही डावी आखूड. चाळीस जोड्या पाहिल्या. शितावरून भाताची परीक्षा. एकदा झाली तर चूक, दोनदा झाली तर हलगर्जी. पंधरा लाख वेळा झाली तर त्याला कट म्हणतात.

सॅम्पल कोरतात त्या बाई खालच्या मजल्यावर क्लीनरूममध्ये असतात. मी त्यांना मनात सूक्ष्माबाई म्हणतो. नऊ वर्षं माझ्याबरोबर आहेत. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात, नुसते डोळे दिसतात. नुसते डोळे दिसणाऱ्या माणसाच्या पोटात काय शिजतंय, कसं कळणार?

६ फेब्रुवारी, दुपारी ३

सूक्ष्माबाईंना लेखी मेमो दिला. भाषा सौम्य ठेवली. ‘पंधरा लक्ष ठिकाणी आढळलेल्या डाव्या-उजव्यातील भेदभावाबाबत खुलासा’ एवढाच विषय.

त्यांनी उभ्या उभ्या वाचला, घडी घातली आणि तोंडीच खुलासा केला. दोन्ही विटा अगदी सारख्या केल्या तर प्रकाशाला आत शिरायला वाटच राहत नाही. आत गेला असता तर कायमचा अडकला असता, पण जाणारच नाही. म्हणून मुद्दाम थोडं डावं-उजवं करायचं. फरक जास्त ठेवला तर प्रकाश पटकन आत येतो, पटकन निसटतो. कमी ठेवला तर सावकाश येतो आणि रेंगाळतो. सगळं कसब त्या फरकात आहे. आणि फरक किती ठेवायचा ते सरांनीच प्रकल्पाच्या अहवालात लिहिलेलं आहे, पान सात.

अहवाल काढून पाहिला. पान सात आहे. मजकूर माझा, खाली आद्याक्षरंही माझी.

तरी एक प्रश्न उरतोच. पान क्रमांक त्यांना इतका तोंडपाठ कसा?

हुकूम दिला: एक सॅम्पल दोन्ही विटा तंतोतंत सारख्या ठेवून करा. दूध का दूध, पानी का पानी. त्या “बरं सर” म्हणाल्या. त्या ‘बरं’मध्ये काहीतरी होतं.

९ फेब्रुवारी

तंतोतंत सॅम्पल आलं. मायक्रोस्कोपखाली पाहिलं. इतकी समता मी आजवर कुठल्याही संस्थेत पाहिलेली नाही.

मोजलं. ग्राफ सपाट. सुई नाही. बारीक नाही, जाड नाही, नाहीच. तीनदा मोजलं. चौथ्यांदा कॉम्प्युटर बंद करून चालू केला.

दार उघडलं तर लेझरपंत व्हरांड्यातून चालले होते. त्यांनी हसून कसं काय विचारलं. हसण्यासारखं काय होतं?

संध्याकाळी जेवताना हिला सगळं सांगितलं. ही टपाल कार्यालयात आहे, विज्ञानाशी संबंध नाही. तरी ऐकून म्हणाली, “अहो, दार इतकं घट्ट लावून घेतलंत तर पाहुणा येणार कुठून?”

सूक्ष्माबाईही सहा तारखेला हेच म्हणाल्या होत्या. दोन बायका, एकमेकींना जेमतेम एकदा भेटलेल्या, चार दिवसांत एकच मत. कावळा बसायला आणि फांदी तुटायला असं शास्त्र म्हणतं. शास्त्रानं कावळ्याची चौकशी केलेली नाही.

हिला सहज विचारलं, इतक्यात कुणाचा फोन आला होता का. तर म्हणाली, आईचा. नोंद घेतली.

११ फेब्रुवारी

पूर्ण विचारांती स्वतंत्रपणे या निष्कर्षाला आलो की विटांमध्ये थोडा फरक हवा. तीस नको, पंधरा नॅनोमीटर. फरक निम्मा झाला की क्यू चौपट, हे गणित मी चहा पिता पिता केलं. सूक्ष्माबाईंना सांगितलं, ही माझी नवी कल्पना आहे. त्या म्हणाल्या, चांगली आहे, सॅम्पल परवापर्यंत तयार होईल, निम्मं कालच कोरून झालंय.

कल्पना मला आज सुचली. त्यांनी काल कशी कोरली?

१३ फेब्रुवारी, सकाळी १०.४०

चौदा हजार दोनशे.

पुन्हा लिहितो. चौदा हजार दोनशे. सुई इतकी बारीक की पडद्यावर आधी केस पडलाय असं वाटलं. फडक्यानं पुसून पाहिलं.

समितीचे दहा हजार, वर चार हजार दोनशे शिल्लक. टेबलावरून हात फिरवला. चौदा वर्षांत ते कधी डगमगलं नाही. बाहेरून ट्रक गेला तरी नाही.

समिती येईपर्यंत ही बातमी कुणालाही सांगायची नाही. सांगितलं फक्त संचालकांना, कारण ते जिन्यात भेटले. आणि चहाच्या खोलीत, कारण तिथे विषय निघाला. (मी काढला.) आणि एक ईमेल, पण तो फक्त विभागाला.

११.३० वाजता लेझरपंत अभिनंदन करायला आले. यांना कुठून कळलं?

१४ फेब्रुवारी

सुई सरकली.

कालच्या जागेपासून नॅनोमीटरचा पाचवा हिस्सा. ऐकायला काहीच नाही. पण सुईची स्वतःची जाडी त्याच्या निम्मी. म्हणजे अख्खी सुई आपली जागा सोडून दोन घरं पलीकडे जाऊन बसली. आणि नुसती सरकली नाही, मोजताना सरकत होती. समितीचा नियम असा की चाळीस मिनिटं सलग मोजायचं आणि सरासरी काढायची. सुई चाळीस मिनिटं सरकत राहिली तर सरासरीत ती सुई दिसत नाही, मुसळ दिसतं.

मुसळाचा आकडा: सहा हजार शंभर.

खोलीत मी एकटा. दार बंद. मग हात कुणी लावला?

१५ फेब्रुवारी

पहारा सुरू. सॅम्पलवरचं प्लास्टिकचं झाकण काढून ठेवलं, कारण झाकणातून नीट दिसत नाही. खुर्ची टेबलाला चिकटवून बसलो, सकाळी नऊपासून दीडपर्यंत. नजर हटवली नाही. एकदा शिंक आली, ती सॅम्पलच्या उलट बाजूला दिली.

क्यू: पाच हजार चारशे.

पहारा असताना कमी झाला, याचा अर्थ उघड आहे. पहारा बसला की चोर बिथरतो आणि घाईघाईत जास्त नासधूस करतो.

१६ फेब्रुवारी

पहारा दुप्पट केला. आणखी जवळ बसलो. नाक आणि सॅम्पल यांत एक वीतभर अंतर. वाकून वाकून कंबर धरली म्हणून हिनं गरम पाण्याची पिशवी भरून दिली. ती पाठीशी ठेवत होतो, पण वाकलं की घसरते. शेवटी टेबलाच्या कडेवर ठेवून तिला टेकलो. उत्तम सोय.

क्यू: तीन हजार नऊशे. सुरुवातीपेक्षाही कमी. चोराची मजल वाढते आहे.

१७ फेब्रुवारी

गुन्हेगार मागे खूण ठेवतोच. हिच्या आरशासमोरून टाल्कम पावडरचा डबा आणला. जेवायला जाताना खोलीभर जमिनीवर पातळ थर पसरला. परत आलो तर ठसे. स्पष्ट, नऊ नंबरच्या बुटाचे, दारापासून टेबलापर्यंत आणि टेबलापासून दारापर्यंत.

लेझरपंतांचा बूट नऊ नंबरचा आहे. चहाच्या खोलीत सहज गप्पांच्या ओघात काढून घेतलं.

माझाही नऊच आहे, आणि पावडर पसरून मी दाराकडे गेलो होतो, हे खरं. पण मी हलक्या पावलांनी चालतो.

सायंकाळी ४

सूक्ष्माबाई सॅम्पल तपासायला वर आल्या. दारातच थांबल्या. बराच वेळ जमिनीकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू आवाजात विचारलं की या खोलीत पावडर कुणी आणली. मी सांगितलं, तपास चालू आहे.

विटा अर्ध्या मायक्रोमीटरच्या. पावडरचा एक कण म्हणजे त्यांच्यावर डोंगर कोसळल्यासारखा, असं काहीतरी त्या म्हणाल्या. सॅम्पल घेऊन गेल्या. धुवायला दोन दिवस. मी डबा घरी जागेवर ठेवला. हिनं हलवून पाहिला आणि काही बोलली नाही. आजकाल कुणीच काही बोलत नाही. हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

२० फेब्रुवारी

आज मोठा शोध लागला.

सॅम्पल धुऊन कालच परत आलं. कॉम्प्युटर रात्रंदिवस आपोआप मोजत असतो, आणि मी आजवर फक्त माझ्यासमोरची रीडिंग पाहत होतो. आज सगळी काढली. सकाळी मी यायच्या आधी: चौदा हजार. मी बसल्यावर: पाच हजार. दुपारी दाढ दाखवायला दोन तास बाहेर होतो: चौदा हजार शंभर. परतल्यावर: पाच.

म्हणजे मी नसताना सुई जागेवर असते. मी आलो की सरकते.

कालपर्यंत मला वाटत होतं, चोराला सुई हवी आहे. नाही. त्याला सुई नकोच आहे. मी बाहेर गेलो की तो ती नीट जागेवर ठेवतो, आणि मी आलो की हलवतो. त्याला माझी बदनामी हवी आहे. प्रकरण वाटलं होतं त्याहून खोल आहे.

२१ फेब्रुवारी

सापळा लावला. व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं की मी आता दिवसभर बाहेर आहे. मग मागच्या जिन्यानं परत येऊन खोलीतल्या काळ्या पडद्याआड उभा राहिलो. दहापासून साडेअकरापर्यंत.

कुणीही आलं नाही. सुई सरकली.

आता उत्तर एकच. माणूस आत न येता सुई हलवतो, म्हणजे भिंतीपलीकडून. पलीकडे खोली क्रमांक पाच. पलीकडे लेझर. एखादी अदृश्य शलाका, बस. भिंतीला कान लावला. काहीतरी गुणगुणत होतं. बाराच्या सुमाराला गुणगुण एकदम थांबली. मी ऐकतोय हे त्यांना कळलं असणार.

घरून दोन जाड चादरी आणून भिंतीवर लावल्या, दाराच्या फटीत जुने स्वेटर कोंबले. आता एक किरण आत येऊन दाखवावा. खोलीत गुदमरायला होतं, पण तत्त्वासाठी माणसानं एवढं सोसलं पाहिजे.

क्यू: दोन हजार सहाशे. शत्रूनं सर्व बळ लावलेलं दिसतं.

दुपारी संचालकांकडे लेखी तक्रार दिली. लेझरपंतांचं नाव घातलं. नाव लिहिताना पेन थोडं अडकलं, शाई संपत आली असावी. बारा वर्षं शेजारी आहेत. हिच्या ऑपरेशनच्या वेळी गाडी त्यांचीच होती. पण विज्ञानात असल्या गोष्टी आड येऊ द्यायच्या नसतात.

२३ फेब्रुवारी

संचालकांनी तिघांना बोलावलं. मला, लेझरपंतांना, सूक्ष्माबाईंना. बाई पांढऱ्या पोशाखात नव्हत्या. चेहरा पहिल्यांदाच नीट पाहिला. थकलेला होता.

संचालकांनी तक्रार मोठ्यानं वाचली. आपलंच गद्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं बरं नसतं. ‘अदृश्य शलाका’ इथे ते थांबले आणि पाणी प्यायले.

लेझरपंत रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी एवढंच सांगितलं की समोरासमोर विचारलं असतं तरी चाललं असतं. त्यांच्या लेझरला थंड ठेवणारा पंप आहे, त्याची थरथर भिंतीतून येते. माझी मोजणी चालू आहे म्हणून गेले दहा दिवस ते रोज दुपारी बारा ते दोन पंप बंद ठेवतायत. त्यांचं काम तेवढा वेळ थांबतं. बाईंनी विनंती केली होती.

म्हणजे भिंतीपलीकडून काहीतरी चालू होतं, हे सिद्ध झालं. हा मुद्दा मी मांडणार होतो. मांडला नाही.

मग बाईंनी एक कागद टेबलावर ठेवला. वरची रेघ, सुईची जागा. मधली, खोलीचं तापमान. खालची, दारावरच्या कार्डाची नोंद, कोण आत गेलं, कधी बाहेर आलं. तिन्ही रेघा एकाच वेळी चढत होत्या आणि एकाच वेळी उतरत होत्या, एका तालात चालल्यासारख्या.

“सर,” त्या म्हणाल्या, “तुम्ही आत असता तेव्हा सुई सरकते.”

मी विचारलं, म्हणजे मी हात लावतो असं म्हणायचंय का? त्या म्हणाल्या, हात लावायची गरजच नाही. नुसतं बसलेलं माणूस शंभर वॅटच्या दिव्याएवढी उष्णता देतं. बंद खोलीत, उघड्या सॅम्पलजवळ, वर श्वास. सिलिकॉन जरा तापलं की सुई जागा बदलते. पूर्वी सुई जाड होती, सरकली तरी कुणाला कळत नव्हतं. आपण बारीक केली, म्हणून आता माणूस आला-गेलेलंही तिला कळतं.

संचालकांनी मला विचारलं, यावर काय म्हणणं आहे. मी म्हटलं, मला ताप नाही.

घरी येऊन थर्मामीटर लावला. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. म्हणजे अगदी नॉर्मल. हिला दाखवला. म्हणाली, कुणी आजारी म्हटलंय का तुम्हाला? गरम आहात म्हणाले.

तक्रार मागे घेतली. तसं लेखी दिलं. लेझरपंतांना द्यायच्या पत्राचा मसुदा चार वेळा केला. पहिला दीड पान होता, चौथा एका ओळीचा. चौथा दिला.

२५ फेब्रुवारी

चादरी आणि स्वेटर काढले. झाकण बसवलं. पिशवी घरी. आता फक्त मी.

बाईंशी वाटाघाटी केल्या. मोजणी चालू असताना प्रकल्पप्रमुख खोलीत नसणं दिसायला बरं नाही. लग्नाला नवरदेव मांडवाबाहेर, असं होईल. मी कोपऱ्यात उभा राहीन, हलणार नाही, बोलणार नाही, श्वास बेतानं घेईन. त्या म्हणाल्या, करून बघू.

चाळीस मिनिटं उभा. शर्टाच्या आत बर्फाची पिशवी, ही माझी कल्पना. पंचविसाव्या मिनिटाला दात वाजायला लागले, पण मी तोंड मिटून घेतलं.

क्यू: नऊ हजार दोनशे.

अवघे आठशे कमी. मी आठशेचा माणूस आहे, फार नाही. बाईंना म्हटलं, समितीनं एवढं समजून घ्यायला हवं. बाई म्हणाल्या, “सर, भिंत आठशेनंही पडते.”

२६ फेब्रुवारी

काही काम केलं नाही. टेबलाजवळ थोडा वेळ उभा राहिलो, यंत्रं बंद असताना. एका कोपऱ्यात स्क्रूचं झाकण हरवलेलं आहे, ते पहिल्या वर्षीच हरवलं. टेबल आलं तेव्हा दारातून आत जाईना, लेझरपंतांनी आणि मी मिळून चौकट काढली होती. तेव्हा त्यांच्याकडे एकच लेझर होता.

उद्या आत राहायचं की नाही, हे अजून ठरवलेलं नाही. कोपऱ्याऐवजी दारात उभा राहिलो तर? निम्मा आत, निम्मा बाहेर. चारशेचं नुकसान.

२७ फेब्रुवारी, दुपारी १

समिती साडेदहाला आली. दोन पुरुष आणि अध्यक्ष म्हणून एक वयस्क बाई, चष्म्याला दोरी लावलेली. मोजणीचे पडदे व्हरांड्यात मांडले होते, ती व्यवस्था सूक्ष्माबाईंची. पलीकडून पंपाचा आवाज नव्हता. लेझरपंत स्वतःच्या दारात हात मागे बांधून उभे होते. काल माझी एका ओळीची चिठ्ठी त्यांच्या खिशातून डोकावत होती, आज दिसली नाही.

मी हातात कार्ड धरून उभा होतो. दोन पावलं टाकली की आत. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं की प्रकल्पप्रमुख आत जाणार नाहीत का, यंत्र तेच चालवत असतील ना.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सूक्ष्माबाई बघत नव्हत्या, त्या जमिनीकडे बघत होत्या.

मी म्हटलं, “मी आत गेलो की बिघडतं.”

हे वाक्य मी धोरण म्हणून बोललो. त्याला वैज्ञानिक पारदर्शकता म्हणतात. पण व्हरांड्यात ते फार मोठ्यानं ऐकू आलं. अध्यक्षबाईंनी कशानं बिघडतं ते विचारलं. मी त्या तीन रेघांचा कागद त्यांच्या हातात दिला आणि सगळं समजावून सांगितलं. शंभर वॅट, श्वास, झाकण. पावडरचंही सांगितलं, विचारलं नसताना. एक सदस्य खोकला. अध्यक्षबाई खोकल्या नाहीत. त्या म्हणाल्या की अशी बारीक गोष्ट सांगायला लोक सहसा तयार नसतात, आणि कागदाच्या कोपऱ्यावर काहीतरी लिहिलं.

चाळीस मिनिटं. मी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी. आकडे दिसत नव्हते. सूक्ष्माबाईंची पाठ दिसत होती. अठ्ठाविसाव्या मिनिटाला त्यांनी एक हात खाली केला आणि मूठ वळली. चांगलं की वाईट, कळेना. मूठ दोन्हीसाठी वळतात.

चौदा हजार नऊशे.

सायंकाळी ५

निकाल लेखी आला. खोली क्रमांक चार आणि टेबल प्रकल्पाकडेच. भिंत तशीच. क्यू आणि सुईवरचं नियंत्रण यांबद्दल दोन चांगली वाक्यं. पुढे तिसरा परिच्छेद: मोजणीच्या स्थैर्यासाठी खोलीत ये-जा कमीत कमी ठेवावी, प्रवेशाची जबाबदारी सॅम्पल तयार करणाऱ्या तज्ज्ञांकडे द्यावी, प्रकल्पप्रमुखांनी निकालांचं मार्गदर्शन बाहेरून करावं.

बाहेरून मार्गदर्शन. दर्जा वाढला, असाही अर्थ लावता येतो. हिला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाली, पेढे... नको, तुमची दाढ दुखतेय, साधं काहीतरी करते.

लेझरपंत आले. खोली तुमचीच राहिली, छान झालं, म्हणाले. मी म्हटलं, तुमची मात्र जागेची अडचण तशीच. त्यावर ते म्हणाले, कपाटावरचा लेझर तिथे सुखात आहे. मग आम्ही दोघं खिडकीपाशी थोडा वेळ उभे राहिलो. त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही. मी लक्ष ठेवून होतो.

२ मार्च, सकाळी ८.३०

वेळेवर हजर. कार्ड लावलं. लाल दिवा. पुसून लावलं, लाल दिवा. तिसऱ्यांदा लावेपर्यंत आतून बाईंचा आवाज आला की मोजणी चालू आहे, चाळीस मिनिटांनी या. चाळीस मिनिटांनी गेलो. दुसरी मोजणी चालू होती.

खुर्ची आणून दाराबाहेर बसलो. मार्गदर्शनाला जवळपास असावं लागतं. पाठ दाराला टेकवली. दहा मिनिटांनी आतून आवाज आला, “सर, दाराला टेकू नका. सुई हललीय.”

खुर्ची दोन पावलं पुढे घेतली. अर्ध्या तासानं दाराखालून एक चिठ्ठी सरकत बाहेर आली. पंधरा हजार शंभर. आजवरचा सर्वांत मोठा.

खुर्ची खिडकीपाशी नेली. दुपारी दुसरी चिठ्ठी आली, ती द्यायला बाई तिथपर्यंत चालत आल्या. पंधरा हजार चारशे.

अंतर आणि आकडा यांचा संबंध स्पष्ट दिसतो आहे. यावर अजून कुणी काम केलेलं नाही. उद्या खुर्ची जिन्याखाली नेऊन पाहणार.